वरच्या दातांचा मामा

महादूमामांशी मी पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांच्या तोंडात लाकूड होतं. आम्ही त्याच दिवशी चिंचवडच्या चाळीत सामान उतरवलं होतं. नळ कुठे आहे ते विचारायला मी टोकाच्या खोलीपाशी गेले, तर उंबऱ्यावर एक चाळिशी ओलांडलेला, हाडापेराने रुंद माणूस बसलेला आणि त्याच्या ओठांतून बांगडीएवढं लाकडी कडं बाहेर आलेलं. त्यांनी ते तोंडातून काढलं नाही, नुसती मान वळवून नळ दाखवला. माणूस डोक्याने अधू आहे असं मी संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आपल्या डोक्याचीही अजून पुरती खात्री नाही, तेव्हा घाई नको.

दोन दिवसांनी कळलं की ते कडं नगरकरीणबाईंच्या पोराचं होतं. त्याला दात येत होते आणि मामा त्याच्यासाठी चावायचं कडं करत होते. शिवणीच्या लाकडाचं कडं घासूनघासून गुळगुळीत करायचं, खोबरेल लावून वाळवायचं आणि मग स्वतः अख्खा दिवस चावून बघायचं, ही त्यांची रीत. लाकडाची कूस निघाली की कडं चुलीत. चव कडू लागली की चुलीत. एका पोराला कडं मिळेपर्यंत चार तरी चुलीत जायची. मी एकदा म्हटलं, "मामा, तुमच्या दाढा पडल्यात, तुम्हाला काय कळणार?" तर म्हणाले की पोरालाही दाढा नसतात, म्हणून तर बरोबर कळतं.

पिंपरीला तेव्हा औषधाचा मोठा कारखाना नुकता उभा राहिला होता. आमचे हे तिथे स्टोअरमध्ये कारकून, आणि मामा माल भरायची खोकी ठोकणारे सुतार. आमच्या चाळीत पत्र्याच्या आठ खोल्या होत्या. आम्ही साताऱ्याकडचे, शेजारी नगरकरीणबाई, पलीकडे चिपळूणची सुलूताई, अशी सगळी लांबलांबची माणसं पगारासाठी येऊन पडलेली. सासूशिवाय संसार थाटायला मिळाला म्हणून आम्ही साऱ्याजणी आधी खूश होतो. मूल झाल्यावर मात्र तोंडचं पाणी पळालं. पोर रडायला लागलं की विचारणार कोणाला? आईला पत्र टाकावं तर उत्तर येईपर्यंत दात येऊन मोकळा. मग सगळ्यांची पावलं आपोआप टोकाच्या खोलीकडे वळायची.

बिनलग्नाच्या सुतारगड्याला पोरांच्या दातांतलं काय कळणार, असा प्रश्न मीही केला होता. मामांचं गाव चाकणच्या अलीकडे. ते चौदा वर्षांचे असताना आई गेली. मागे सहा महिन्यांची बहीण, ठकी. वडील दिवसभर गावकीच्या सुतारकामावर. ठकीला नेमके तेव्हाच दात येऊ लागले. ती कशानेही उगी राहीना. मामांनी तिला गूळ दिला, दूध दिलं, देवापुढची घंटा वाजवून दाखवली, आणि शेवटी स्वतःच तिच्याबरोबर रडत बसले. ती रांगत जाऊन बापाच्या पटाशीची लाकडी मूठ चावायला लागली आणि गप्प झाली. "तवा कळलं," मामा सांगायचे, "दात येताना आपुन काय करायचं, तर काय बी न्हाई. त्यो त्याचा येतो. आपुन निस्तं घेऊन बसायचं."

आणि खरंच ते तेवढंच करायचे. माझी सुमन पाच महिन्यांची झाली तशी लाळ गाळायला लागली, कान ओढायला लागली, दुपारपासून जे भोकाड पसरायची ते कोणाच्या बापाला ऐकायची नाही. मी रडकुंडीला यायची. मामा शिफ्ट सुटली की हातपाय धुऊन यायचे, तिला उचलायचे आणि ओट्यावर बसायचे. मला वाटायचं, आता काही मंत्र म्हणतील, काही चोळतील. काही नाही. ती त्यांच्या खांद्याचं हाड चावायची आणि ते समोरच्या रेल्वेकडे बघत बसायचे. मध्येच म्हणायचे, "दुखतंय व्हय? दुखणारच." पोरीला हे ऐकून बरं वाटायचं की नाही देव जाणे, मला वाटायचं.

पोरांच्या दातांबाबत त्यांचे कायदे कडक होते. पहिला दात दिसला की ओल्या मलमलीने रोज पुसायचा. आम्ही हसायचो, अहो दोन तर दात. "दोन असलं तरी दातच हायेत त्ये," असं ठरलेलं उत्तर. गुळाची पुरचुंडी तोंडात देऊन पोराला झोपवणारी बाई दिसली की ते तिच्या नवऱ्याशी आठ दिवस बोलायचे नाहीत. तिच्याशी बोलायचे. त्यांचा न्याय असा.

सुलूताईची आई चिपळूणहून आली तेव्हा तिने मधात टाकणखार कालवून नातवाच्या हिरड्यांना चोळायचं ठरवलं. घरोघरी चोळतात, त्यात तिचं काही चुकलं असं तिला वाटणार तरी कसं? मामा दारात जाऊन उभे राहिले. टाकणखार लोहार-सोनार वापरतात, जोड द्यायला. मामांनी म्हातारीला विचारलं, आजी, तुम्हाला पोराचं तोंड जोडायचंय का? म्हातारीने त्यांना हाकलून दिलं. ते पुन्हा येऊन उभे राहिले. तीन दिवस हा प्रकार चालला, आणि चौथ्या दिवशी त्यांचं लक्ष नसताना तिने चोळलंच. पोर ओकून ओकून बेजार झालं. मग म्हातारीने आपणहून ती बाटली नळाशी ओतली. मामा तिला एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र बोलले, आणि चार दिवस सुलूताई माझ्या घरी आली नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. मामांना टाकणखाराचं कळत होतं, गुळाचं कळत होतं, पण दात येताना पोराला जुलाब होतात आणि ते थांबवायचे नसतात, हे त्यांनाही पटलेलं होतं. ठकीला झाले होते, आपसूक थांबले होते. "दाताचं हाय. वाहून जाऊ द्या, अंग हलकं व्हतं," असं ते सगळ्यांना सांगायचे. आम्ही सगळ्या मान डोलवायचो. आमच्या आयाही हेच सांगत होत्या. सुमनलाही झाले, थांबलेही. मामांचं पुन्हा एकदा खरं झालं.

सुमनला पहिला दात आला तो वरचा. मला काही विशेष वाटलं नाही, मी कौतुकाने नगरकरीणबाईंना दाखवायला गेले, आणि त्यांचा चेहरा उतरला. वरचे दात आधी आले की ते मामाला जड. आमच्याकडेही हे म्हणत असत, पण मी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेली, मी हसण्यावारी नेलं. त्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ बाळू नोकरी बघायला आमच्याकडे येणार होता. आईला कसं कळलं कोण जाणे, तिचं पत्र आलं, बाळूला पाठवत नाही, आधी काय ते करून घ्या. बाळूचं वय एकोणीस. पाठचा एकच भाऊ. त्या दिवशी माझं व्हर्नाक्युलर फायनल कुठल्या कुठे गेलं. मी भाकऱ्या थापता थापता रडत होते.

मग चाळीतल्या बायका बसल्या. साताऱ्याला मामा काशाच्या वाटीतल्या तेलात बाळाचं तोंड बघतो. नगरला मामाने आधी पाठ करून बसायचं. चिपळूणकडे नवं टोपडं. कोणाचं खरं ह्यावर तासभर भांडण होऊन शेवटी सगळंच करायचं ठरलं. अडचण एकच, मामा आणायचा कुठून? ज्याच्यावर संकट त्यालाच बोलवायचं, तर तो येईपर्यंत काही झालं तर? तेव्हा नगरकरीणबाईंनी ओट्याच्या टोकाकडे बघितलं. आम्ही सगळ्याजणींनी बघितलं. मामा कडं चावत बसले होते.

त्यांनी फार विचारलं नाही. मानलेला मामा चालतो का एवढंच विचारलं. चालतो, असं आम्हीच ठरवलं. मामा न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून आले, सुमनकडे पाठ करून पाटावर बसले. मी तिला त्यांच्या खांद्यावरून पुढे केली, त्यांनी वाटीतल्या तेलात तिचं तोंड बघितलं, मग वळले आणि टोपडं घातलं. "हे माझं भाचरू, ह्याचं बरंवाईट माझ्यावर," असं तीनदा म्हणायचं होतं, ते म्हणाले. मी विचारलं, मामा, तुम्हाला खरं वाटतं का हे? ते म्हणाले, "खरं-खोटं मला काय म्हाईत. पण तुमी घाबरलाय त्ये तर खरं हाय." त्या दिवसापर्यंत ते मला बाई म्हणायचे, त्या दिवसापासून ताई म्हणू लागले. पुढच्या आठवड्यात बाळू आला, भाचीला उचलून नाचला, आणि मी निश्चिंत झाले. मामांच्या वाट्याला काय गेलं ह्याचा विचार मी केला नाही. गेलं असेल असं वाटतच नव्हतं. मग बाळूसाठी का रडले, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आकुर्डीहून एक बाई आली, मग दळवीनगराकडून एक, मग आमच्याच चाळीत सुलूताईच्या दुसऱ्या मुलाला आणि नगरकरीणबाईंच्या धाकट्याला वरचा दात आधी आला. तीन-चार वर्षांत मामांनी पाच पोरांचं अंगावर घेतलं. कधी नाही म्हणाले नाहीत. बायका निघताना पाया पडायच्या, तेव्हा मात्र घाईघाईने आत जायचे.

मामांची ती बहीण, ठकूबाई, चाकणला दिली होती. नवरा फौजेत, वर्षाकाठी महिनाभर घरी. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल टिकत नव्हतं. तीन गेली होती. मामा दर रविवारी सायकलवर तिच्याकडे जायचे, मोशीच्या वाटेने, आणि सोमवारी आम्ही विचारायचो, कशी आहे ठकूबाई? "बरी हाय," एवढंच. मग एका सोमवारी मामा कारखान्यात पेढे घेऊन गेले. मुलगा झाला होता. सव्वा महिना झाला की बघायला जायचं होतं, पण म्हातारी सासू म्हणाली, आधीची तीन गेलीत, दृष्ट नको, दात येईपर्यंत घरच्याशिवाय कोणी बघू नये. मामा म्हणाले, बरं. दात यायला काय, सहा महिने. त्यांनी शिवणीचं लाकूड आणून ठेवलं. ह्या वेळी सात कडी चुलीत गेली.

सहाव्या महिन्यात दात आला. वरचा.

मामांना त्यात काही अडचण वाटली नाही. आपण मामा, आपणच वाटी घेऊन जाऊ, आपल्याला काय सवय नाही का? ते टोपडं घेऊन गेले आणि टोपडं घेऊन परत आले. सासूचं म्हणणं, ह्याच्यावर आधीच पाच पोरांचं आहे, सहावं हा सोसायचा नाही. वाटी एकदा लागू पडते, पाचदा लोकांसाठी वापरून झाली, आता उपयोग नाही. उपाय एकच. पोराचे सगळे दुधाचे दात येऊन पुरे वीस होईपर्यंत मामाने त्याचं तोंड बघायचं नाही. आणि ठकूबाईने हे मान्य केलं होतं.

माझं डोकंच फिरलं. मी पुढच्या रविवारी एसटीने चाकणला गेले. ठकूबाई दारात बसून कांदे निवडत होती. चेहरा थेट मामांचा, तशीच आडवी हाडं. आत पाळण्यात मूल होतं. मी तिला सगळं सांगितलं, हे थोतांड आहे, शिकल्यासवरल्याने असं मानू नये, तुझ्या भावाने तुला वाढवलं, आणि तू त्याला पोराचं तोंड दाखवत नाहीस? तिने सगळं ऐकून घेतलं. कांदे निवडायचं थांबवलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या भावाला काय व्हऊ नये म्हणून तुमी माजा भाऊ पुढं केला. आता मी माजा भाऊ मागं घेती. त्यात माजं काय चुकलं?"

तिने चहा केला, मी प्यायले. निघताना ती एवढंच म्हणाली की म्हातारी सांगते, ज्यांचं त्यांनी परत घेतलं तर दादा मोकळा होईल. खऱ्या मामांनी येऊन त्याच वाटीत बघायचं, हे आमचं आम्हाला परत, असं म्हणायचं. पाचही नकोत, तिघांनी घेतलं तरी पुरे.

एसटीत बसल्यापासून मी ठरवलं होतं की बाळूला पत्र टाकायचं. कार्ड आणलं, पत्ता लिहिला. बाळूचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं. ते कार्ड मी तांदळाच्या डब्याखाली ठेवलं, उद्या लिहू म्हणून, आणि ते तिथेच राहिलं. नगरकरीणबाईंशी बोलले, त्या म्हणाल्या बघू. सुलूताई म्हणाली, भाऊ बोटीवर असतो, कळवणार कसं? आम्हा पाचजणींपैकी एकीनेही भावाला कळवलं नाही. मामांनी कोणाला विचारलं नाही, की आमच्यातल्या कोणाच्या पोराला घेऊन बसायचं बंद केलं नाही. मला ह्या गोष्टीची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती. लाज वाटली म्हणून काही मी पत्र टाकलं नाही.

मग मामा वीस दातांची वाट बघू लागले. रविवारी जायचे, ओसरीवर दाराकडे पाठ करून बसायचे, आतून ठकूबाई बोलायची. आता खालचे दोन आले. आता बाजूचा आला. आता पहिली दाढ फुटतेय, लई किरकिर करतंय. मामा सोमवारी आम्हाला सांगायचे, अकरा झाले, बारा झाले, आणि आम्ही बायका मान खाली घालून ऐकायचो. मूल आतून दादा दादा करायला लागलं, ते आईचं ऐकून. मामा म्हणाले, "आवाज जाडा हाय, ताई. गडी व्हणार." मी एकदा म्हटलं, ओसरीवरून नुसतं वळून बघा की, एक क्षण. कोणाला कळणार आहे? ते म्हणाले की ठकी घाबरलीय. मला तेच उत्तर मिळालं होतं कधीतरी, फक्त तेव्हा ते माझ्या सोयीचं होतं.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते तळेगावच्या दवाखान्यात. ते चाळीत परतायच्या आतच, पुढच्याच महिन्यात ह्यांना कोल्हापूरकडे नोकरी लागली आणि आम्ही चिंचवड सोडलं. मामांना लिहितावाचता येत नव्हतं. चाळीतल्या बायका पांगल्या. त्यांच्या भाच्याचे वीस दात पुरे झाले की नाही, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कोणाला विचारायचं धाडस केलं नाही.

तर झालं असं. एका रविवारी मामा चाकणला गेले आणि आतून मुलाचा आवाज आला नाही. ठकूबाई म्हणाली, चार दिवस जुलाब होतायत, दाढांचं आहे, वाहून जाऊ देतेय. मामांनी विचारलं, औषध? ती म्हणाली, "तूच सांगतोस की दादा, थांबवायचं न्हाई." मामांनी ओसरीवरून हात मागे करून मुलाला हातात मागितलं. ठकूबाई द्यायला तयार होईना. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि शब्द दिला की उघडणार नाही. तिने मूल हातावर ठेवलं. अंग तापलेलं, कातडी सैल. मामांनी त्याच्या तोंडात बोट घातलं आणि दात चाचपले. पुढचे आठ, सुळे चारही, पहिल्या दाढा चारही. सगळे पुरे वर आलेले. मागे हिरडी सपाट, थंड. एकही दात येत नव्हता. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना म्हणाले, "सोळा हायेत, ताई. कवाच आल्यात. दाताचं न्हवतंच त्ये."

कांद्याचा एक ट्रक तळेगावला निघाला होता, त्यात बसून तिघं दवाखान्यात आली. सबंध रस्ता मूल मामांच्या मांडीवर, कारण ठकूबाईच्या अंगात मूल धरायचं त्राण नव्हतं, आणि सबंध रस्ता मामांचे डोळे मिटलेले. डॉक्टरांनी मुलाला बघितलं, सुई लावली आणि कोणी सांगितलं हे जुलाब दाताचे म्हणून विचारलं. मामा म्हणाले, मी सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की दातांनी असे जुलाब होत नाहीत, पोर घाण तोंडात घालतं त्याने होतात, अंगातलं पाणी जातं आणि पोर पाण्यावाचून जातं. उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमचा चमचा पाजत राहा. आणि रडताना ह्याच्या डोळ्यांतून पाणी येत नाहीये, ते यायला लागलं की मला लगेच सांगा. तोवर मी काही म्हणू शकत नाही.

मला मंगळवारी निरोप मिळाला. सुमनला नगरकरीणबाईंकडे ठेवून मी दुपारच्या गाडीने गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून मामा बसले होते. दाढी वाढलेली, मांडीवर मूल, हातात चमचा, बाजूला वाटी आणि डोळे गच्च मिटलेले. तिसरा दिवस होता. ठकूबाई मागच्या हौदावर दुपटी धुवायला गेली होती. मूल केवढंसं झालं होतं. मामांचंच नाक, मामांचंच कपाळ. ते मी बघत होते आणि ते बघत नव्हते.

मी शेजारी बसले. मग मी म्हटलं, मामा, ठकूबाई इथे नाही. बघून घ्या. हे मूल राहतंय की नाही ह्याचा भरवसा नाही, असं मी म्हणाले नाही, पण मला तेच म्हणायचं होतं आणि त्यांना ते कळलं.

"न्हाई, ताई," ते म्हणाले. "माज्या सांगण्यावर तिनं चार दिस घालवलं. आता निदान तिचं तरी ऐकतो."

मी म्हटलं, चूक आमची होती मामा, वाटी आम्ही पुढे केली. ते म्हणाले, असू द्या. आणि चमचा भरला. बोटाने मुलाचा ओठ चाचपून त्यांनी पाणी आत सोडलं. अर्धं गळालं. मुलाने तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं, अगदी बारीक. मामांनी चमचा खाली ठेवला आणि सवयीने त्याचे गाल पुसायला हात नेला. गालावर बोट थांबलं. मग दुसऱ्या गालावर गेलं, तिथून वर, डोळ्याच्या कडेशी.

"ताई," ते म्हणाले, "वलं लागतंय. बघा बरं. डोळ्याचंच हाय का चमच्यातलं हाय?"

मी वाकून बघितलं. डोळ्याचंच होतं. मुलाच्या दोन्ही डोळ्यांतून येत होतं.

मी तसं सांगितल्याबरोबर मामा मुलाला घेऊन उठले, डॉक्टर डॉक्टर म्हणत चालायला लागले आणि खांबावर आदळले. डॉक्टरांची खोली कुठल्या बाजूला आहे ते त्यांनी तीन दिवसांत पाहिलेलं नव्हतं, म्हणून मी त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना तिकडे घेऊन गेले.